तोंडी रुळलेल्या नावावर हक्क कुणाचा?

मार्च २०१३ मध्ये स्वीडनच्या भाषा परिषदेने नव्या शब्दांच्या आपल्या यादीतून एक शब्द काढून टाकला. शब्द होता 'ओगूगलबार', म्हणजे शोधयंत्रात टाकूनही जे सापडत नाही ते. लोकांच्या वापरात नव्याने आलेले शब्द ही परिषद टिपून ठेवते, त्यांपैकीच हा एक. गूगलने आक्षेप घेतला. कुठल्याही शोधयंत्रावर न सापडणारं असा अर्थ देऊ नका, गूगलवर न सापडणारं असा द्या, आणि गूगल हा आमचा ट्रेडमार्क आहे हेही तिथे नमूद करा, अशी मागणी केली. परिषदेने अर्थ बदलला नाही. तिने शब्दच यादीतून काढला आणि हे आपण नाराजीने करतो आहोत, असं जाहीर केलं. यादीतून गेल्यामुळे तो लोकांच्या तोंडून काही गेला नाही. स्वीडनबाहेर ज्यांनी तो कधी ऐकला नसता, त्यांनाही तो या निमित्ताने कळला.

अशा भांडणात सहानुभूती आपोआप परिषदेकडे जाते. माझीही जाते. पण कंपन्या अशा का वागतात, याचं उत्तर 'मग्रुरी' एवढ्यावर संपत नाही. त्यांच्या वागण्यामागे एक खरी भीती आहे: आपलं नाव इतकं लोकप्रिय होईल की कायदाच ते आपल्या हातून काढून घेईल. तसं झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. माझी तक्रार एवढीच, की या भीतीचा भुर्दंड भलत्यांच्या माथी मारला जातो. कोशकार, पत्रकार, साधे बोलणारे लोक यांना पत्रं जातात. नव्या वस्तूला एक सर्वसाधारण नाव द्यायचं काम ज्याचं होतं, त्याने ते केलं होतं का, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही.

मुळात ट्रेडमार्क म्हणजे शब्दावरची मालकी, हा गैरसमज आहे. शब्द आणि त्या शब्दाखाली माल विकणारा, या दोघांचं गिऱ्हाइकाच्या मनात जे नातं असतं, त्याला कायदा संरक्षण देतो. म्हणूनच हे संरक्षण कायमचं असू शकतं. पेटंट अर्ज केल्यापासून २० वर्षांनी संपतं आणि शोध सगळ्यांचा होतो. ट्रेडमार्कला अशी अखेरची मुदत नाही. बहुतेक देशांत दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलं की तो पिढ्यान् पिढ्या चालतो. १ जानेवारी १८७६ रोजी ब्रिटनमध्ये नोंदणी सुरू झाली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर बीअर बनवणाऱ्या बास कंपनीचा लाल त्रिकोण नोंदला गेला. तो आजही नोंदवहीत आहे.

इतका उदार हक्क देताना कायदा बदल्यात एक गोष्ट मागतो. माल कुणाचा, हे त्या चिन्हाने सांगत राहिलं पाहिजे. माल काय आहे एवढंच ते सांगू लागलं, की विशेषनामाचं सामान्यनाम झालं. आणि सामान्यनामावर एकाचाच हक्क ठेवला, तर ती मक्तेदारी नावापुरती राहत नाही, वस्तूपर्यंत पोचते. फ्रेडरिक वॉल्टनने १८६० च्या दशकात जवसाचं तेल घट्ट करून जमिनीवर पसरायचं एक आच्छादन तयार केलं आणि त्याला 'लिनोलियम' हे नावही स्वतःच घडवून दिलं. पेटंटची मुदत संपल्यावर प्रतिस्पर्ध्यांनी तेच आच्छादन त्याच नावाने विकायला घेतलं, तेव्हा वॉल्टनची कंपनी कोर्टात गेली आणि १८७८ मध्ये हरली. नव्या पदार्थाला एकच नाव दिलं असेल, तर ते नाव त्या पदार्थाचं झालं. पदार्थ तयार करायचा अधिकार सर्वांना मिळाला, पण त्याला नावाने हाक मारायचा मिळाला नाही, तर मिळालं काय? या तर्कात मला आजही फट दिसत नाही.

जे शब्द गेले त्यांच्या खटल्यांची कागदपत्रं वाचली, तर बहुतेक ठिकाणी एक गंमत आढळते. शब्द लोकांनी पळवलेला नसतो. मालकाने तो आधी हौसेने वाटलेला असतो, आणि मग परत मागायला तो न्यायालयात आलेला असतो.

थर्मॉसचंच पाहा. निर्वात बाटली जेम्स ड्यूअर या शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये प्रयोगशाळेसाठी बनवली. थर्मॉस हे नाव ती विकणाऱ्यांनी नंतर दिलं. अमेरिकेतल्या थर्मॉस कंपनीने १९०७ पासून जाहिरातींचा सपाटा लावला. थर्मॉस हा शब्द घरोघरी पोचला आहे, अशी फुशारकी तिने १९१० मध्ये स्वतःच्या छापील साहित्यात मारली. त्या काळात हे वाक्य लिहिणाऱ्याची कंपनीत पाठ थोपटली गेली असेल. पुढे पन्नासेक वर्षांनी तेच वाक्य कंपनीविरुद्धचा पुरावा ठरलं. १९२३ च्या सुमारास कंपनीला धोका जाणवला आणि शब्द चुकीचा वापरणाऱ्यांना तिची पत्रं जाऊ लागली, पण अर्धवटपणे. नेटाने पाठपुरावा सुरू झाला तो १९५० च्या दशकात. तोवर उशीर झाला होता. अलॅडिन नावाच्या कंपनीने आपल्या बाटल्यांनाही थर्मॉस म्हणायचं ठरवलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. त्यात सादर झालेल्या पाहणीत, अशी बाटली माहीत असलेल्यांपैकी सुमारे ७५ टक्के प्रौढ तिला थर्मॉसच म्हणत होते. हा कुणाचा तरी ट्रेडमार्क आहे, याची जाणीव असलेले होते सुमारे १२ टक्के.

१९६३ मध्ये अपिलात कंपनी हरली. पण निकालातला पुढचा भाग मला अधिक शहाणपणाचा वाटतो. त्या १२ टक्क्यांना न्यायालयाने वाऱ्यावर सोडलं नाही. अलॅडिनने हा शब्द वापरावा, मात्र त्याआधी स्वतःचं नाव लावावं. इंग्रजीत लिहिताना शब्दाचं पहिलं अक्षर 'कॅपिटल' नसावं, लहान असावं. आणि आपला माल 'मूळ' किंवा 'अस्सल' असल्याचं कुठेही म्हणू नये. म्हणजे शब्द सर्वांना मिळाला, पण मूळ कंपनीच्या नावावर माल खपवायची मुभा मिळाली नाही. शब्द गमावला म्हणजे बाजारात लूट सुरू झाली, असं चित्र जे रंगवलं जातं, त्याला हा निकाल चांगलं उत्तर आहे.

ऍस्पिरिनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि ती नीट पाहण्यासारखी आहे. अमेरिकेत बायर या मूळच्या जर्मन कंपनीला या औषधाचं पेटंट १९०० मध्ये मिळालं आणि १९१७ मध्ये संपलं. या मधल्या काळात बराच माल बायर भुकटीच्या रूपात औषध उत्पादकांना विकत असे. ते त्याच्या गोळ्या पाडून आपापल्या नावाने बाजारात आणत. त्यामुळे सामान्य गिऱ्हाइकाला बाटलीवर ऍस्पिरिन हा शब्द दिसे आणि त्याच्या बरोबरीने दर वेळी वेगळ्याच उत्पादकाचं नाव दिसे. अशा माणसाने काय समजावं? ऍस्पिरिन हे गोळीचं नाव आणि बाटलीवरचा तो उत्पादक, एवढंच. पेटंट संपत आलं तेव्हा बायरने स्वतःच्या गोळ्या स्वतःच्या नावाने पुढे आणायचा प्रयत्न केला, पण लोकांच्या मनात अर्थ पक्का बसून गेला होता.

१९२१ मध्ये न्यायमूर्ती लर्नेड हँड यांनी या खटल्यात प्रश्न साधाच विचारला: ज्या शब्दासाठी भांडण चाललं आहे, त्यावरून विकत घेणारे काय समजतात? पण विकत घेणारे एका प्रकारचे नव्हते. डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना असेटिलसॅलिसिलिक ऍसिड हे रासायनिक नाव ठाऊक होतं, त्यामुळे त्यांच्या लेखी ऍस्पिरिन म्हणजे बायरचा माल. आजारी माणसाला ते लांबलचक नाव कुणी सांगितलंच नव्हतं. मग हँड यांनी शब्दाची वाटणी केली. व्यावसायिकांच्या बाजारात तो बायरचा, जनतेच्या बाजारात सगळ्यांचा. सरहद्दीपलीकडे कॅनडात तोच शब्द आजही बायरचा ट्रेडमार्क आहे. ब्रिटन आणि फ्रान्समध्ये त्याचं भवितव्य पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने ठरवलं, आणि तिथे बोलणाऱ्यांचा संबंधच आला नाही. शब्द एकच आणि गोळीही तीच. कुठे निकाल ग्राहकाच्या समजुतीवर लागला, कुठे युद्धात कोण हरलं यावर.

यात एक विरोधाभास आहे आणि तो ट्रेडमार्कच्या वकिलांना चांगलाच माहीत आहे. कायदा सर्वांत भक्कम संरक्षण देतो ते मनाने घडवलेल्या, कोणताही अर्थ नसलेल्या शब्दाला. पण असा शब्द अगदी नव्या वस्तूला दिला, तर सामान्यनाम होण्याचा धोकाही त्यालाच सर्वांत जास्त, कारण त्या वस्तूला हाक मारायला दुसरं काही नसतंच. ओटिस कंपनीकडे 'एस्कलेटर' हा शब्द होता. तिने जाहिरातीत 'ओटिस एलिव्हेटर' (म्हणजे लिफ्ट) आणि 'ओटिस एस्कलेटर' शेजारीशेजारी, एकाच थाटात छापले. एलिव्हेटर हे सामान्यनाम असेल, तर बाजूचं विशेषनाम कसं? त्याहून कडी म्हणजे स्वतःच्या पेटंटच्या कागदपत्रांतही तिने तो शब्द यंत्राचं वर्णन म्हणूनच वापरला होता. १९५० मध्ये तो गेला. यात बोलणाऱ्या जनतेचा काय दोष?

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. लोक बोलताना नाव सैल वापरतात, एवढ्यावरून हक्क काढून घेणं चूकच ठरेल. 'झेरॉक्स काढून आण' असं म्हणणाऱ्याच्या मनात यंत्राच्या कंपनीचा विचार नसतो. तोच माणूस कार्यालयासाठी यंत्र घ्यायला गेला, की कोणत्या कंपनीचं ते बरोबर विचारतो. बोलणं आणि विकत घेणं या दोन निरनिराळ्या कृती आहेत, आणि कायद्याने दुसरीकडे पाहावं. अमेरिकेत याबाबत एकदा गाडी रुळावरून घसरलीही होती. 'मोनॉपली' या खेळाच्या खटल्यात ग्राहकांची पाहणी झाली. आम्हाला हा खेळ खेळायचा आहे, तो कोण बनवतं याची फारशी पर्वा नाही, असं ६५ टक्के लोक म्हणाले. तेवढ्यावरून अपील न्यायालयाने १९८२ मध्ये नाव सामान्य ठरवलं. या कसोटीवर जगातला कुठला लोकप्रिय ब्रँड टिकेल? वस्तू आवडते म्हणून घेणं आणि नाव कुणाचं हे माहीत नसणं, यांत फरक आहे. १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा दुरुस्त केला. घेणाऱ्याचा हेतू बघू नका. त्या शब्दाचा लोकांच्या मनातला मुख्य अर्थ बघा, असं त्यात स्पष्ट केलं.

गूगलच्या नावावर खटला झाला तो याच कसोटीवर. एका माणसाने गूगल हा शब्द असलेली ७६३ डोमेन नावं घेऊन ठेवली होती. ती हातची गेल्यावर, 'गूगल करणे' हे आता क्रियापद झालं आहे, तेव्हा ट्रेडमार्क रद्द करा, अशी मागणी झाली. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने ती फेटाळली. क्रियापद म्हणून वापरणाऱ्याच्या मनातही विशिष्ट कंपनी असू शकते, आणि प्रश्न क्रियापदाचा नाहीच. इंटरनेटवरच्या शोधयंत्रांना सरसकट गूगल म्हटलं जातं का, हा आहे. निकाल बरोबर आहे असंच मला वाटतं. स्वीडनच्या परिषदेशी भांडून चार वर्षं झाल्यावर, तसं भांडायची गरज नव्हती हे कंपनीला स्वतःच्याच खटल्यात समजलं. अर्थात, अमेरिकी निकालावर विसंबून जगभर निश्चिंत राहता येत नाही, हे तिचे वकील लगेच म्हणतील. त्यांचं तेही बरोबर.

कारण कसोटी देशागणिक बदलते. भारताच्या १९९९ च्या कायद्यातलं कलम ३६ प्रामुख्याने व्यापाऱ्यांकडे बघतं. त्या मालाचा धंदा करणारे इतर लोक तो शब्द मालाचं नाव म्हणून सर्रास वापरतात का, हे तिथे महत्त्वाचं. गिऱ्हाइकाने काहीही म्हटलं तरी तेवढ्याने नोंदणी बाद होत नाही. युरोपचा कायदा मालकाच्या कृतीकडे आणि निष्क्रियतेकडे बोट दाखवतो. त्यातली 'निष्क्रियता' मला घातक वाटते. गप्प बसलात तर हक्क जाईल, असं कायद्यानेच सांगितलं, की कंपन्या बोलणारच, आणि पत्रं, नोटिसा, धमक्या सगळीकडे जाणारच. २००२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 'वॉकमन' सामान्यनाम ठरवलं, त्यात एका जर्मन शब्दकोशातली नोंदही पुराव्यात होती. कोशात हा ट्रेडमार्क असल्याचा उल्लेख नव्हता आणि सोनीने त्याबद्दल वेळीच हरकत घेतली नव्हती. असे निकाल वाचल्यावर कंपनीच्या कायदा विभागाने कोशकारांच्या मागे लागायचं नाही, तर काय करायचं?

युरोपियन संघाच्या नियमात तर यासाठी खास कलम आहे. कोशात एखादा ट्रेडमार्क सामान्यनाम असल्याचा भास होत असेल, तर मालकाने मागणी केल्यावर प्रकाशकाने तो नोंदणीकृत असल्याचं दाखवायला हवं. वरवर हे निरुपद्रवी वाटतं. पण कोश हा भाषेचा साक्षीदार आहे. एकीकडे न्यायालयाने त्याची साक्ष ग्राह्य धरायची आणि दुसरीकडे साक्षीत काय लिहावं हे पक्षकाराने सांगायचं, हा प्रकार दुसऱ्या कुठल्या खटल्यात आपण चालवून घेऊ? यातून सुटायचा सोपा मार्ग आहे. कोशातल्या नोंदीला आणि मालकाने कोशकाराला पत्र लिहिलं की नाही या गोष्टीला, हक्क जाण्याच्या प्रश्नात अगदी थोडं वजन द्यावं. म्हणजे कंपन्यांना लिहिण्याची गरज उरणार नाही आणि कोशकारांना निवांत काम करता येईल. फोटोशॉप हे क्रियापद म्हणून वापरू नका, अशी सूचना ऍडोबी आपल्या नियमावलीत देते. तिने ती आपल्या भागीदारांना, विक्रेत्यांना, जाहिराती करणाऱ्यांना जरूर द्यावी. बाकीच्यांनी ती वाचून हसावं आणि आपल्या कामाला लागावं.

मात्र खऱ्या बेफिकिरीला शिक्षा असावी, याबद्दल मला शंका नाही. ऑस्ट्रियातल्या एका कंपनीचं 'कॉर्नश्पिट्झ' नावाचं तयार मिश्रण होतं. ती ते बेकरीवाल्यांना विके आणि ते त्याचे पाव भाजून गिऱ्हाइकांना विकत. हा ट्रेडमार्क आहे हे बेकरीवाल्यांना माहीत होतं, पण त्यांनी ते गिऱ्हाइकांना सांगितलं नाही, आणि सांगायला लावण्याचा प्रयत्न कंपनीनेही पुरेसा केला नाही. २०१४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने म्हटलं, की शेवटच्या गिऱ्हाइकाच्या नजरेत ते पावाचं साधं नाव झालं असेल, तर मधल्यांना सत्य ठाऊक असूनही हक्क जाऊ शकतो. ऍस्पिरिनच्या भुकटीची गोष्ट नव्वदेक वर्षांनी पुन्हा घडली. इथे 'निष्क्रियता' हा शब्द मला मान्य आहे, कारण ती स्वतःच्या विक्रीसाखळीतली होती.

गेलेला शब्द परत येऊच शकत नाही, असंही नाही. शिवणयंत्रांची पेटंटं संपल्यावर १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'सिंगर' हे नाव इतरांनाही खुलं केलं होतं. कंपनी ते नाव चिकाटीने वापरत राहिली आणि १९५३ मध्ये दुसऱ्या न्यायालयाने मान्य केलं, की सिंगर म्हटल्यावर लोकांना पुन्हा त्याच कंपनीची यंत्रं आठवतात. पन्नासहून अधिक वर्षं लागली, पण लोकांच्या मनातला अर्थ बदलला तसा निकालही बदलला. कसोटी योग्य असल्याचं याहून चांगलं लक्षण नाही.

मग आधीच काही करता येईल का? औषधांच्या बाबतीत जगाने हे करून दाखवलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५० च्या ठरावानुसार प्रत्येक नव्या औषधी द्रव्याला कुणाच्याही मालकीचं नसलेलं एक आंतरराष्ट्रीय नाव द्यायला सुरुवात केली. पहिली यादी १९५३ मध्ये निघाली. तेव्हापासून औषध बाजारात येतं ते दोन नावं घेऊन, एक कंपनीचं आणि एक सर्वांचं. सर्वांचं नाव अगदीच ओबडधोबड नसतं, त्याला कूळही असतं. शेवटी 'ओलोल' असलं की ओळखावं हे हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातलं, 'स्टॅटिन' असलं की कोलेस्टेरॉल उतरवणारं. ही नावं ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला भारताच्या कायद्यात कलम १३ ने मनाई आहे. पेटंट संपलं की दुसरा उत्पादक सर्वांच्या नावाने माल विकतो आणि पहिल्याचा ब्रँड त्याच्याकडे राहतो. ऍस्पिरिनसारखं भांडण होण्याचं कारणच उरत नाही.

हेच इतर वस्तूंना का लावू नये? ट्रेडमार्क नोंदवताना माल कोणता, हे सर्वसाधारण शब्दांत लिहावंच लागतं. त्यासाठी माल आणि सेवांच्या 'नीस' या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे ४५ वर्ग आहेत. म्हणजे सामान्यनाम अर्जात असतंच. ते फक्त नोंदवहीत पडून राहतं. नवी, पेटंट मिळालेली वस्तू असेल, तर तेच नाव वेष्टनावर ब्रँडच्या शेजारी, सहज वाचता येईल अशा अक्षरांत छापणं बंधनकारक करावं. जपून वागणाऱ्या कंपन्या हे आधीपासून करतात. 'बँड-एड'ने आपल्या प्रसिद्ध जाहिरातगीताच्या ओळीत 'ब्रँड' हा शब्द घुसवला. चालीत तो थोडा अडखळतो, पण काम करतो.

यावरचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो वजनदार आहे. कंपनी मुद्दाम असं नाव देईल जे कुणी उच्चारणारच नाही. असेटिलसॅलिसिलिक ऍसिडने हेच दाखवलं. एकमेकींना चिकटणाऱ्या आणि ओढून सुटणाऱ्या पट्ट्या बनवणाऱ्या वेलक्रो कंपनीने २०१७ मध्ये वकिलांना गायला लावून एक व्हिडिओ काढला आणि आमच्या नावाऐवजी 'हुक अँड लूप' म्हणा, अशी विनवणी केली. लोकांनी व्हिडिओ चवीने पाहिला आणि पुढेही वेलक्रोच म्हटलं. पण लोक काय म्हणतात हा इथे मुद्दा नाही. दुसऱ्या उत्पादकाने पाकिटावर 'हुक अँड लूप' छापलं, तर घेणाऱ्याला आत काय आहे ते कळतं का? आता कळतं, कारण वेलक्रो कंपनी वर्षानुवर्षं तो शब्द स्वतः छापत आली आहे. तेवढ्याने प्रतिस्पर्ध्याची सोय झाली आणि कंपनीचं नावही वाचलं. ज्या मालकाने दिलेलं पर्यायी नाव बाजारात कुणालाच कळत नाही, त्याने ते दिलंच नाही असं धरावं आणि शब्द जाऊ द्यावा. नाव कळतं की नाही, हे पाहणीने तपासता येतं. १९७५ च्या टेफ्लॉनच्या खटल्यात लोकांना आधी ब्रँडचं नाव आणि सामान्य नाव यांतला फरक समजावून दिला आणि मग विचारलं. ६८ टक्क्यांनी टेफ्लॉन हे ब्रँडचं नाव असल्याचं ओळखलं आणि हक्क टिकला.

वेष्टनच नसलेल्या सेवांचं काय, हा प्रश्न यात सुटत नाही. शोधयंत्र, व्हिडिओ कॉल, भाड्याची गाडी बोलावणारं ऍप यांना पाकीट नसतं. ती दुकानात शेजारीशेजारी मांडलेलीही दिसत नाहीत. तिथे सर्वसाधारण नाव ऍप उघडताना दाखवायचं, ऍप मिळतं त्या पानावर, की बिलावर? मला बिल बरं वाटतं, कारण पैसे देताना माणूस वाचतो. फुकट सेवांना बिलही नसतं, आणि नेमक्या त्यांचीच नावं सर्वांत झपाट्याने क्रियापदं होत चालली आहेत.